कर देणारानें काय मागावें?

(चाकण येथें बाजारच्या दिवशीं जमलेल्या शेतकरी व कारागीर मंडळींपुढें एका प्राथमिक शिक्षकानें केलेलें भाषण.)



आम्ही पुढारी नव्हे आणि वकीलही नव्हे. ट्रेनिंग कॉलेजांत शिकून बाहेर पडल्यापासून आज वीस-बावीस वर्षें याच खेड तालुक्यांतील खेड्यापाड्यांच्या शाळांत मुलांस अंक-अक्षरें शिकवीत आलों. त्यामुळें आमच्यापाशीं मोठें व्याख्यान नाहीं; आहे तो नुसता हिशेब. तो आपण शांतपणें ऐकून घ्यावा आणि चुकला असेल तर येथेंच सांगावें, एवढीच विनंती.

मागें एकदां वर्गांत शेंकडेवारीचें गणित चाललें होतें. आम्हीं सहज विचारलें, "मुलांनो, सरकारास कर कोण देतो?" मुलें म्हणालीं, "कारखानदार देतात, पगारदार देतात, पुण्यामुंबईचे लोक देतात." आम्हीं विचारलें, "आणि तुमच्या घरीं?" त्यावर एका सुताराची मुलगी उठून म्हणाली, "गुरुजी, आमच्या घरीं कोणी कर देत नाहीं. आमचे बाबा म्हणतात, सरकार आपल्याला सगळें फुकट देतें, मग आपण कोणत्या तोंडानें मागायचें?"

मंडळी, हें ऐकून आम्हांस वाईट वाटलें. बाप दिवसभर रंधा मारतो, घाम गाळतो, आणि पोरीला शिकवतो काय, तर आपण फुकटखाऊ आहों! ज्याला आपण देणेकरी आहों असें वाटतें तो मान वर करीत नाहीं. ज्याला आपण देणारे आहों हें ठाऊक असतें तो हिशेब मागतो. सगळा फरक येथेंच आहे.

म्हणून आम्हीं मुलांस सांगितलें, उद्यां घरांत जी काय पावती, जें काय बिल सांपडेल तें घेऊन या. दुसऱ्या दिवशीं ढीग जमला. कोणी सिमेंटचें बिल आणलें, कोणी साबणाचें, कोणी ट्रॅक्टरच्या टायरचें. मग हिशेब मांडला. 1 जुलै 2017 पासून देशांत जीएसटी सुरू झाला. सिमेंटवर तो शेंकडा 28 होता. 22 सप्टेंबर 2025 पासून तो शेंकडा 18 झाला. म्हणजे मूळ किंमत 300 रुपये धरली तर एका गोणीमागें पूर्वीं 84 रुपये जात, आतां 54 रुपये जातात. घराच्या चार भिंती उभ्या करणाऱ्या कुणब्यानें शंभर गोण्या घेतल्या, तर आजच्या दरानें त्याचे 5,400 रुपये एकट्या सिमेंटवर सरकारांत जमा झाले. अंगाचा साबण, डोक्याचें तेल यांवर पूर्वीं शेंकडा 18 होता, तो त्याच दिवशीं शेंकडा 5 वर आला. ट्रॅक्टरचा कर 12 वरून 5 झाला. कर कमी झाला हें चांगलेंच झालें. पण कमी झाला म्हणजे आपण तो देत होतों आणि अजूनही देतों, हेंही त्यावरून सिद्ध झालें. डिझेल तर जीएसटीच्या बाहेर आहे. त्यावर केंद्राची एक्साइज निराळी आणि राज्याचा व्हॅट निराळा. कांद्याची गाडी बाजारांत आणणारा शेतकरी दर खेपेला हे दोन्ही कर देऊन येतो, आणि ज्याची गाडी भाड्याची असते तो भाड्यांतून देतो.

शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाहीं, हें खरें. परंतु प्राप्तिकर म्हणजे सगळा कर नव्हे. घरपट्टी, पाणीपट्टी, शेतसारा, खरेदीखताची स्टॅम्प ड्युटी आणि दुकानांतल्या प्रत्येक वस्तूंत लपलेला कर, हे सगळे कर तुम्हीआम्ही देतों. लपलेल्या कराची गोष्ट अशी आहे कीं, तो मजुराच्या साबणावर आणि मालकाच्या साबणावर सारखाच बसतो. मालकाला तो जाणवत नाहीं. मजुराच्या मात्र रोजांतून कापला जातो. तेव्हां "गरीब लोक कर देत नाहींत" असें जो म्हणतो, त्यानें गणित केलेलें नाहीं.

त्या मुलीनें आपल्या घराचा हिशेब पाटीवर मांडला, बेरीज केली आणि म्हणाली, "गुरुजी, मग आम्ही पण देतों." आम्हीं म्हटलें, "होय बाळ, देतां. आतां दुसरा प्रश्न. देतां, तर मागायचें काय?" आजचें आमचें बोलणें त्या दुसऱ्या प्रश्नाविषयीं आहे.

हा प्रश्न कांहीं आजचा नाहीं. इंग्रजी अमलांत 1863 च्या सुमारास मुंबई इलाख्यांत रयतेवर लोकलफंड बसला. शेतसाऱ्याच्या दर रुपयामागें एक आणा जादा घ्यावा आणि त्याचा तिसरा हिस्सा शाळांसाठीं व बाकीचा रस्ते वगैरे कामांसाठीं खर्चावा, असें ठरलें. आण्याचे पै बारा. तिसरा हिस्सा म्हणजे चार पै. तेव्हां दर रुपयामागें चार पै रयतेनें शाळेसाठीं म्हणून वेगळे मोजून दिले. आणि शाळा कोणाच्या गांवीं निघाल्या? त्यांत बसलीं कोणाचीं मुलें? 1882 सालीं हंटर शिक्षण कमिशनपुढें जोतीराव फुले यांनीं निवेदन दिलें, त्याचा गाभा हाच. सरकारी तिजोरीचा मोठा भाग शेतकऱ्याच्या कष्टांतून येतो आणि शिक्षणाचा पैसा मात्र वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर जातो. तेव्हां तो पैसा खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणाकडे वळवा, निदान वयाच्या बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचें करा, असें त्यांचें मागणें होतें. पुढच्याच वर्षीं, 1883 सालीं, त्यांनीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. आज आपल्या चाकणच्या कांद्याबटाट्याच्या बाजाराला त्यांचेंच नांव आहे. तेथें आपण भाव विचारतों, वजन तपासतों, पट्टी मागून घेतों. सरकाराशीं वागतांना मात्र आपण वजनही पाहात नाहीं आणि पट्टीही मागत नाहीं.

फुल्यांनीं जें मागितलें तें मिळायला किती काळ गेला पाहा. कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं 1917 सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें. बडोद्याला सयाजीरावांनीं तें 1906 सालींच साऱ्या संस्थानांत केलें होतें. इंग्रज सरकारपुढें गोखल्यांनीं 1911 सालीं बिल आणलें, तें पुढें फेटाळलें गेलें. 1950 च्या राज्यघटनेनें दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत शिक्षण देण्याचा प्रयत्न सरकारनें करावा असें सांगितलें. दहा वर्षें 1960 सालीं संपलीं. तो मूलभूत हक्क म्हणून घटनेंत आला 2002 सालीं, आणि त्याचा कायदा देशांत लागू झाला 1 एप्रिल 2010 रोजीं. 1882 पासून 128 वर्षें झालीं! म्हणजे चार-पांच पिढ्यांनीं पैसे आधीं भरले आणि माल मिळाला पणतूच्या पोरांना. पैसे वेळेवर वसूल होतात, माल वेळेवर पोंचत नाहीं, ही सरकारची जुनी खोड आहे. आणि मागणारा गप्प बसला कीं ती खोड वाढत जाते.

आतां दुसरें उदाहरण घेऊं. तें चांगलें आहे म्हणून घेतों, कारण नुसत्या तक्रारीनें काम होत नाहीं. 1972 सालचा दुष्काळ आपल्यांतल्या वडील मंडळींना आठवत असेल. खडी फोडून, पाझर तलाव खणून लोक जगले. त्या सुमारास वि. स. पागे यांच्या कल्पनेंतून रोजगार हमी योजना उभी राहिली. तिला पैसा कोठून आणावा? 1975 सालीं सरकारनें पगारदार व धंदेवाले यांवर व्यवसाय कर बसविला. 1977 सालीं रोजगार हमीचा कायदा झाला, आणि या करांतून जेवढा पैसा येईल तेवढीच भर सरकारनें आपल्या पदरची घालावी, अशी तजवीज झाली. काम मागणाऱ्यास पंधरा दिवसांत काम द्यावें, न दिल्यास भत्ता द्यावा, असा मजुराचा हक्क ठरला. पुढें 2005 सालीं सबंध देशानें याच धर्तीवर कायदा केला.

आम्ही शिक्षक आहों. आमच्या पगारांतून महिन्याला 200 रुपये आणि फेब्रुवारींत 300, असे वर्षाला 2,500 रुपये व्यवसाय कर म्हणून कापले जातात. त्याचें आम्हांस कधीं दुःख झालें नाहीं, कारण तो कशासाठीं बसला हें आम्हांस ठाऊक आहे. कर कशासाठीं आहे हें सांगितलें आणि तो त्याच कामीं लावला, तर माणूस देतांना कुरकुरत नाहीं. येथील कुंभार, लोहार, माळी कोणालाही विचारा. देवळाची वर्गणी मागतांना पावतीबुक आणि जमाखर्च दाखविला कीं गरीबही दहा रुपये काढून देतो.

आतां याची उलट बाजू. चाकणच्या आसपास महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी, नाणेकरवाडी, जिकडे पाहावें तिकडे कारखान्यांचीं व इमारतींचीं बांधकामें उठलीं. गवंडी, सुतार, बिगारी यांच्या हातांवर तीं उभीं आहेत. या बांधकाम मजुरांच्या कल्याणासाठीं 1996 सालच्या कायद्यानें बांधकामाच्या खर्चावर शेंकडा 1 उपकर बसला. पैसा जमत गेला. पण मजुरापर्यंत तो पोंचेना. शेवटीं 2018 सालीं सर्वोच्च न्यायालयानें याबद्दल सरकारांस कडक शब्दांत फटकारलें. मजूर मात्र अजून विचारतो, "असा कांहीं पैसा असतो कां?" असतो, बाबांनो! जो 18 ते 60 वर्षांचा आहे आणि ज्यानें मागील वर्षभरांत 90 दिवस बांधकामावर काम केलें आहे, त्यानें बांधकाम कामगार मंडळाकडे आपली नोंदणी करावी. नोंदणी झाली म्हणजे मुलांच्या शिक्षणाला व इतर अडचणींना मदत मागतां येते. तुमच्या नांवानें ठेवलेला पैसा तुम्हींच मागितला नाहीं, तर तो दुसऱ्या वाटेनें जाईल.

येथें एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. कर म्हणजे दुकानांतली किंमत नव्हे. दुकानांत जो पैसे देतो त्यालाच माल मिळतो, आणि जो जास्त देतो त्याला जास्त मिळतो. कराचें तसें नाहीं. ज्यानें दहा लाख कर दिला त्यालाही एकच मत, आणि जिनें साबणाच्या वडीवर दोन रुपये कर दिला त्या विधवा मोलकरणीलाही एकच मत. आपण कर सर्वांनीं मिळून देतों आणि फळही सर्वांनीं मिळून घ्यावयाचें असतें. म्हणून "माझ्या दारापुढें काय केलें?" हा प्रश्न अपुरा आहे. "आमच्या गांवांत जो सर्वांत शेवटच्या आळींत राहतो, त्याच्या दारापुढें काय केलें?" हा खरा प्रश्न. कित्येक गांवीं पाटलाच्या वाड्यापर्यंत डांबर येतें आणि मागासवर्गीयांच्या वस्तीच्या तोंडाशीं तें संपतें. ग्रामपंचायतीनें आपल्या उत्पन्नांतील शेंकडा 15 मागासवर्गीयांसाठीं, शेंकडा 10 महिला व बालकांसाठीं आणि शेंकडा 5 अपंगांसाठीं खर्च करावे असा नियम आहे. तुमच्या गांवीं तो कागदावर आहे कीं आळींत दिसतो, हें एकदां पाहून या.

आतां चाकणचीच गोष्ट. 1660 सालीं शाहिस्तेखानाची फौज या भुईकोटाला वेढा घालून बसली. फिरंगोजी नरसाळ्यानें मूठभर माणसांनिशीं सुमारें दोन महिने किल्ला लढविला. त्या काळीं रयत सारा देई ती मुख्यतः राखणीसाठीं. आज शत्रू तटाशीं नाहीं. आज राखण हवी ती तळेगांव चौकांत! अवजड गाड्यांच्या रांगेंतून आमचीं मुलें दप्तर घेऊन रस्ता ओलांडतात, कांद्याची गाडी तासन् तास उभी राहाते, बाळंतीण दवाखान्याच्या वाटेवर अडकते. ज्या गांवाच्या जमिनींवर एवढे कारखाने उभे राहिले, जेथून सरकारास एवढा कर जातो, त्या गांवाच्या पोरांना शाळेंत सुखरूप जातां यावें, हें मागणें कांहीं फार मोठें नाहीं.

2015 सालीं चाकणची ग्रामपंचायत जाऊन नगरपरिषद आली. नगरपरिषद आली तशी पट्टी वाढली, कामेंही वाढलीं. पण एक गोष्ट गेली, ती म्हणजे ग्रामसभा. ग्रामसभेंत कोणीही मतदार उठून सरपंचाला हिशेब विचारूं शकत होता. शहरांत तशी सभा नाहीं. पुढें 2020 नंतर राज्यांतील अनेक नगरपरिषदांच्या मुदती संपल्या, निवडणुका लांबल्या आणि वर्षांनुवर्षें प्रशासकांनीं कारभार पाहिला. चाकणही त्यांतच आलें. त्या काळांत घरपट्टीचीं बिलें एकाही वर्षीं चुकलीं नाहींत. पण बिल देणाराचा माणूस मात्र सभेंत नव्हता. अमेरिकेंतील वसाहतींनीं 1773 सालीं बोस्टन बंदरांत इंग्रजांचा चहा समुद्रांत लोटला, तो याच एका बोलावर, कीं जेथें आमचा प्रतिनिधि नाहीं तेथें आमच्यावर कर बसवूं नका. आपल्याला कांहीं लोटायचें नाहीं. डिसेंबर 2025 मध्यें राज्यांतील नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. आतां माणसें निवडून आलीं आहेत. त्यांना मत दिलें म्हणजे आपलें काम संपलें असें समजूं नका. तें तेथून सुरू होतें.

तर मग मागावें काय? आम्हीं मुलांस पाटीवर जें लिहून दिलें तेंच येथें सांगतों.

पहिलें, कायद्यावांचून कर नको. घटनेच्या 265 व्या कलमांत स्पष्ट आहे कीं, कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर बसवितां किंवा वसूल करतां येत नाहीं. तेव्हां पावतीशिवाय जो टेबलाखालून घेतला जातो तो कर नव्हे, ती लूट आहे. दाखल्यासाठीं "चहापाणी" मागणारा माणूस तुमच्यावर आपला खासगी कर बसवीत असतो. लांच मागितली तर 1064 या नंबरावर लांचलुचपत खात्याला कळवितां येतें.

दुसरें, हिशेब. किती जमलें, कोठें गेलें, हें विचारण्याचा हक्क 2005 च्या माहिती अधिकार कायद्यानें प्रत्येकास दिला आहे. साधा अर्ज, 10 रुपये फी, आणि 30 दिवसांत उत्तर. दारिद्र्यरेषेखालील माणसाला फीही नाहीं. लिहितां येत नसेल तर शाळेंतल्या मुलाकडून लिहून घ्या. त्यालाही शिक्षण होईल.

तिसरें, वेळेवर काम. आमच्या ओळखीची एक कुंभाराची म्हातारी एका दाखल्यासाठीं एका कचेरींत तीन वेळां गेली. दर वेळीं "साहेब नाहींत, उद्यां या." तिचा तीन दिवसांचा रोज बुडाला, गाडीभाडें गेलें तें निराळें. चौथ्या वेळीं आम्ही बरोबर गेलों आणि एवढेंच म्हटलें कीं, अर्ज घेतल्याची पोंच द्या. पोंच मिळाली आणि दाखलाही आला. 2015 सालीं महाराष्ट्रांत लोकसेवा हक्क कायदा झाला आहे. कोणतें काम किती दिवसांत करायचें हें फलकावर लावावें, नाकारलें तर कारण लेखी द्यावें, आणि विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्यास 500 ते 5,000 रुपये दंड व्हावा, असें त्यांत आहे. कचेरींतला फलक वाचल्याशिवाय खिडकीपाशीं जाऊं नका.

चौथें, मान. म्हातारीला "ए, तिकडे बस" म्हणणारा कारकून तिच्याच साबणाच्या करांतून पगार घेतो. आम्हीही तसाच घेतों. म्हणून शाळेंत उशिरां आलों तर आम्हांसही विचारा. विचारल्यावर आम्ही रागावलों तर आम्ही त्या पगाराला लायक नाहीं असें समजा.

आणि पांचवें आपल्या स्वतःविषयीं. जो मागतो त्यानें द्यावयास कुचराई करूं नये. "बिल नको, तेवढा कर वाचेल" असें दुकानदाराला सांगणारा मनुष्य आपल्याच गांवच्या शाळेची वीट काढून नेतो. पाणीपट्टी तीन-तीन वर्षें थकवायची आणि नळाला पाणी कां नाहीं म्हणून ओरडायचें, हेंही बरें नव्हे. घरपट्टी भरा, पावती घ्या, ती पावती जपून ठेवा आणि ती खिशांत घालून सभेला जा. ग्रामसभेच्या दिवशीं अर्धा गांव शेतावर आणि अर्धा पारावर, अशी स्थिति असेल तर चार लोक ठराव लिहितील आणि तुम्ही सह्यांपुरते राहाल. बायांनींही जावें. पाणी त्या भरतात, रेशन त्या आणतात. गांवांत काय कमी आहे हें त्यांच्याइतकें कोणास ठाऊक नाहीं.

मंडळी, त्या सुताराच्या मुलीची गोष्ट पुरी करतों. तिनें हिशेबाची वही घरीं नेली. आठ दिवसांनीं तिचा बाप शाळेंत आला. आम्हांस वाटलें, रागावला असेल. तो म्हणाला, "गुरुजी, पोरगी म्हणते आपण पण देतों. खरं कां?" आम्हीं वही उघडून पुन्हां सगळें दाखविलें. तो बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, "ग्रामसभा कधीं आहे?"

एवढा एकच प्रश्न आज येथून घेऊन घरीं जा. तुमच्या गांवीं ग्रामसभा कधीं आहे, आणि शहरांत राहात असाल तर तुमचा नगरसेवक कोण आहे, हें आज रात्रीं जेवायच्या आधीं घरांत विचारा. फुल्यांनीं जें मागितलें तें यायला 128 वर्षें लागलीं. आपलें मागणें पोरांच्या हयातींत तरी पुरें व्हावें, अशी इच्छा असेल तर आजपासून विचारायला लागलें पाहिजे.